खविसाची फेरतपासणी

परवा फोनवर थोरल्यानं विचारलं की बाबांच्या जुन्या वहीतली भुतं तुमच्या नव्या आवृत्तीत चालतील का. तुम्ही दोघंही तिकडे तोच खेळ खेळायला लागला आहात आणि त्याची आणखी एक आवृत्ती निघाली आहे, हे मला त्यावरून कळलं. भुतं चालतील, पण तशीच्या तशी चालणार नाहीत. एका आवृत्तीतून दुसरीत भुतं नेण्याचं काम मी, तुमच्या आजीनं, एकदा केलेलं आहे. त्यात माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि ती आकडेमोडीची नव्हती. ती आधी सांगते, म्हणजे तुम्ही ती पुन्हा करणार नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला तुमच्या बाबांचा एक मामेभाऊ अमेरिकेहून आला आणि चॉकलेटांऐवजी तीन जाड पुस्तकं ठेवून गेला. खेळ तुम्हाला माहीत आहे, तरी नीट लिहिते. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. वाटेत राक्षस भेटतात, आणि कोण जिंकलं ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरतं. आमच्याकडे सूत्रधार तुमचे बाबा. खेळणारे तिघं, सगळे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे. एकाच्या घरचं मंगळवार पेठेत वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान होतं, म्हणून त्याला सगळे बाइंडर म्हणत. दुसरा कसबा बावड्याहून सायकलवर यायचा. मी त्याला बावड्याचा म्हणते. तिसरी समोरच्या वकिलांची मुलगी, म्हणजे तुमची आई. तिला तेव्हा फक्त हिशेबाला चोख म्हणून घेतलं होतं. बाकीचं पुढे झालं.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की पुढच्या खोलीत बैठक बसायची. तुमचे आजोबा कारखान्याच्या प्रयोगशाळेत साखर तपासायचे. आठवड्याची एकच दुपार त्यांना झोपायला मिळायची आणि ती या मंडळींनी घेतली, पण त्यांनी तक्रार केली नाही. फक्त मधून मधून आतून विचारायचे, "मेला का राक्षस?"

अडचण राक्षसांचीच होती. पुस्तकातले सगळे विलायती. कोणी बर्फात राहणारा, कोणी गुहेत सोनं राखणारा, निम्मे तळघरात फिरणारे. कोल्हापुरात तळघर कोणाकडे असतं? तुमचे बाबा आवाज खोल करून त्यांचं वर्णन वाचायचे आणि ऐकणारे शेंगा खायचे. एकदा एका हिरव्या बुटक्या राक्षसाचं चित्र बाइंडरनं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "काकू, ह्येला बघून आमच्या पेठेतली कुत्री बी उठायची न्हाईत."

मग ठरलं की आपली भुतं घ्यायची. आणि ती लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागाची अधीक्षक होते. यादी करायची म्हटलं की माझा हात शिवशिवतो, हेही खरं. बाइंडरनं एक उभी मोठी वही लाल कापडात बांधून आणून दिली, कोपऱ्यांना चामडं लावून. मी रकाने आखले: नाव, राहण्याचं ठिकाण, रूप, वेळ, काय करतो, कशाला भितो. शेवटी पातळी. पातळी म्हणजे त्याचा आकडा. जितका मोठा तितकं भूत भारी. माहिती कोणी दिली हेही मी प्रत्येक पानाखाली लिहायचे. माहिती देणाऱ्याचं नाव नसेल तर नोंद मानायची नाही, ही माझी कचेरीतली सवय.

माहिती गोळा करताना मला कळलं की माणसांना आपल्या नातेवाइकांपेक्षा भुतांची माहिती जास्त असते. दूधवाला चरवी खाली ठेवून हडळीवर बोलायला उभा राहिला आणि गल्लीतली निम्मी घरं चहावाचून राहिली. हडळीची पावलं उलटी असतात, हे सगळ्यांना ठाऊक. मी विचारलं, मग ती चप्पल कशी घालते? तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. म्हणाला, "बाई, भुताला चप्पल कशाला?" मी तसं नोंदवलं.

बाइंडरच्या आजीनं जिन्न दिला, पण अटीवर. त्यांचा जिन्न सज्जन, वेळेवर नमाज पढणारा, कोणाच्या वाटेला न जाणारा. त्याला मारायचं नाही, असं तिनं मला दोनदा बजावलं. त्यामुळे आमच्या वहीत एक राक्षस असा होता की तो वाटेत भेटला तर सगळ्यांनी सलाम करून पुढे जायचं.

बावड्याच्याच्या घरी मी वही घेऊन गेले तेव्हा त्याची आई परसात धुणं वाळत घालत होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्यांच्याकडे भुतं नाहीत. तिच्या सासऱ्यांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा घरातले देव पंचगंगेत सोडले. "देव गेलं तवा भुतं बी गेली त्येंच्या मागनं. एकट्यानं कशाला ऱ्हातील?" असं म्हणून ती पुन्हा धुण्याकडे वळली. सरकारी फॉर्मात माहिती नसली की जो शब्द लिहितात तो मी त्या पानावर लिहिला: निरंक. त्या वेळी मला माझ्या व्यवस्थितपणाचं कौतुकच वाटलं.

सगळ्यात जास्त माहिती मिळाली नृसिंहवाडीच्या माझ्या मावशीकडे. बाधा झालेली माणसं वाडीला येतात. मावशीचं घर घाटाच्या वाटेवर. साठ वर्षं तिनं ओसरीवर बसून येणारे-जाणारे पाहिलेले. कोणतं भूत कोणाला धरतं, कोणापुढे नमतं, कोणाच्या आधी बोलतं, हे तिला तोंडपाठ होतं. वहीतला पातळीचा रकाना मी तिच्या सांगण्यावरून भरला. वर ब्रह्मराक्षस, विद्वान ब्राह्मणाचं भूत. "आपल्यातलाच की गं," असं ती अभिमानानं म्हणाली. त्याला बारा. मग वेताळ, मुंजा, अशी यादी उतरत गेली आणि अगदी तळाशी खवीस. त्याला दोन.

मेल्यावर सगळे सारखे, असं मी कीर्तनात कितीदा ऐकलं होतं. मावशीच्या यादीत तसं दिसत नव्हतं. माणसं मेली तरी आपापल्या पायरीवरच बसलेली होती, आणि पंगतीचा क्रमही तोच. खवीस कोणाचं भूत, तेही मावशीनं सांगितलं. ज्या शब्दात सांगितलं तो शब्द मी लिहिला नाही. मी शिकलेली, कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली. असले शब्द आमच्या घरात चालत नाहीत, असं मी मनाशी म्हणाले. शब्द गाळला. आकडा तेवढा उतरवून घेतला.

ही माझी चूक. ती पुढे आठ वर्षं वहीत बसून राहिली आणि कोणाच्या लक्षात आली नाही, असं मला वाटत होतं.

त्या आठ वर्षांत मंडळी इंजिनिअर झाली. बाइंडरनं पदवी घेऊन दुकानच वाढवलं. बावड्याचा पाटबंधारे खात्यात लागला. खेळ मात्र चालू राहिला. तुमच्या बाबांनी पन्हाळ्यासारखा एक गड कल्पनेत बांधला होता. त्याच्या माथ्यावर एक पिंपळ, पिंपळावर ब्रह्मराक्षस, आणि सगळ्यांची चाल त्याच्याकडे. त्याला अजून कोणी पाहिलेलं नव्हतं, नुसता दरारा. वाटेत वेळ काढायचा असला, कोणाला दमवायचं नसलं, की तुमचे बाबा खवीस सोडायचे. एका दुपारी सहा-सात. दोन पातळीच्या भुताला मारायला काय लागतं? चहा येईपर्यंत ते संपायचे. बावड्याचाही मारायचा, मुकाट्यानं आणि जरा लवकरच.

मग नवं शतक आलं आणि त्याच्याबरोबर खेळाची नवी आवृत्ती. चौघांनी वर्गणी काढून पुस्तकं मागवली. त्याच सुमारास तुमच्या बाबांचा व्हिसा झाला. जायला दोन महिने होते. त्यांनी ठरवलं की जायच्या आधीच्या रविवारी चौघांनी गडाचा माथा गाठायचा, ब्रह्मराक्षसाला भेटायचं आणि आठ वर्षांची गोष्ट संपवायची. तेही नव्या नियमांनी. घर सोडून जाताना त्यांना दुसरं काही नको होतं. बॅगा मी भरल्या, लोणचं मी बांधलं, त्यांना त्याची शुद्ध नव्हती. शेवटच्या रविवारी चौघं टेबलाभोवती हवेत, एवढंच.

जुनी भुतं नव्या नियमात बसवण्यासाठी नव्या आवृत्तीबरोबर एक पत्रक आलं होतं. परीक्षा विभागात मी अशी पुष्कळ परिपत्रकं पचवली आहेत. आधीच्या परिपत्रकात जे सांगितलं त्याच्या उलट सांगायचं आणि सुरुवातीला "सुलभतेसाठी" असं लिहायचं, ही पद्धत सातासमुद्रापलीकडेही तीच आहे, हे वाचून मला बरं वाटलं. जुन्या आवृत्तीत चिलखताचा आकडा जितका लहान तितकं चिलखत भक्कम; नव्यात जितका मोठा तितकं भक्कम. म्हणजे मी काहीच न करता बसले असते तर रातोरात हडळ पोलादी झाली असती आणि वेताळ कागदाचा.

पण पत्रकातली खरी गोम पुढे होती. जुन्यात पातळी लिहिली की काम झालं. नव्यात राक्षसाचं बळ, चपळाई, बुद्धी, सगळ्याला वेगळा आकडा द्यायचा, आणि तो काय करतो त्यावरून पातळी काढायची. पदावरून नाही, कामावरून. नोकरीत तीस वर्षं मी या नियमाची वाट पाहिली होती. तो निघाला तो भुतांसाठी.

मी कामाला लागल्याचं एका रविवारी सगळ्यांना सांगितलं. चिलखतं उलटी करून झाली आहेत, पातळ्या मी जुन्या वहीतून जशाच्या तशा उतरवते आहे, त्या तपासायची गरज नाही, असं म्हणाले. बावड्याच्यानं खविसाचं पान मागितलं. बराच वेळ वाचलं.

"काकू, ह्याला दोनच का?"

मी म्हटलं, तशी नोंद आहे.

"नोंद कुणी सांगितली?"

"खाली लिहिलंय की. मावशीनं."

बाइंडरला हा विषय चेष्टेचा वाटला. तो म्हणाला, "आमच्या पेठेत तर खवीस आमच्यातला म्हणत्यात. म्हंजे आमच्या वाट्याला बी दोनच व्हय? दोनात दोघं कसं बसायचं रं?"

तुमची आई हसली. बावड्याचा हसला नाही. त्यानं पान नीट ठेवलं, डाव पूर्ण खेळला, चहा घेतला आणि गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुमच्या बाबांनी ऑफिसात फोन केला तर कालव्याच्या कामावर आहे म्हणाला. कालवा बाराही महिने होता. काम त्याच महिन्यात निघालं.

तुमच्या बाबांना ते लागलं. शेवटच्या रविवारला पंधरा दिवस उरले होते आणि चौथी खुर्ची रिकामी. ते माझ्याशी बोलत नव्हते असं नाही, पण बोलताना वहीकडे बघत.

मग मी केलं ते काम खरं तर आधी करायला हवं होतं. खविसाचं पान घेतलं आणि पातळीचा रकाना हातानं झाकून बाकीचे रकाने वाचले. काय करतो: एका हातानं भरलेली बैलगाडी उलथतो. बाभूळ मुळासकट उपटतो. वाटेत पैलवान भेटला तर कुस्ती मागतो, आणि पहाटेपर्यंत खविसाची पाठ मातीला लागत नाही. कशाला भितो: माहिती देणाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नाही. सगळं माझ्याच अक्षरात, निळ्या शाईनं.

मग ब्रह्मराक्षसाचं पान. काय करतो: पिंपळावर बसतो. पाठ म्हणतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रश्न विचारतो. उत्तर चुकलं तर रागावतो. रागावून पुढे काय करतो, हे मी मावशीला कधी विचारलंच नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं. त्याचा राग हाच पुरे, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

पत्रक पुढे ठेवून मी हिशेब केला. विश्वास बसेना म्हणून तुमच्या आईला हाक मारली. तिनं कॅल्क्युलेटर न घेता केला. दोघींचं उत्तर एकच आलं. खवीस अकरा. ब्रह्मराक्षस, बुद्धीचे भरघोस गुण धरूनही, चार.

तुमच्या बाबांचा चेहरा बघवत नव्हता. "चार? आई, आठ वर्षं आम्ही चारासाठी गड चढतोय?"

मी म्हटलं, हिशेब तपासून घे. ते म्हणाले, हिशेब बरोबर असेल, पण गोष्टीचं काय? शेवटाला काहीतरी भारी लागतं. कसंही करून त्याचे बारा ठेव. अकरा ठेव. मी परीक्षा विभागात असताना फेरतपासणीत एकही गुण कोणाच्या सांगण्यावरून वाढवलेला नाही, एका संचालकाच्या भाच्याचासुद्धा नाही, आणि तो नापास होऊन पुढे आमदार झाला. तसं मी सांगितलं.

तुमचे आजोबा आतून म्हणाले, "सेवाज्येष्ठतेनं द्या की बारा. इतकी वर्षं झाडावर बसलाय बिचारा."

यावर कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षानं कसबा बावड्याला गेले, वही घेऊन. बावड्याच्याची रजा होती. कालव्याचं काम बहुधा संपलं असावं. त्याच्या आईनं मला आत बसवलं, भडंगाची ताटली पुढे ठेवली आणि काही न विचारता परसात निघून गेली. तिला काय ते ठाऊक होतं. त्या घरात मला प्रथमच माझी वही जड वाटली.

मी त्याला नवा हिशेब दाखवला. त्यानं तो वाचला. मग विचारलं, "काकू, मावशींनी खवीस कुणाचं भूत म्हणून सांगितलं होतं?"

गावकुसाबाहेरच्या माणसाचं, असं मी म्हणाले. मावशीचा शब्द याहून वाईट होता. त्यानं वाट पाहिली, म्हणून मग तोही सांगितला. तो शब्द मी आयुष्यात एकदाच मोठ्यानं उच्चारला, आणि तो ज्याला लागायचा त्याच्यासमोर, त्याच्याच घरात.

"मला म्हायती होतं," तो म्हणाला. "माझ्या आज्जीला बी म्हायती होतं. तुम्ही लिवला न्हाईसा, म्हणून मी आठ वर्षं गप बसलो. म्हटलं, काकूंनी लाज राखली."

"मग आताच का रे?"

"पयल्यांदा चुकून हुतंय, काकू. परत बसून उतरवून काढलं, की मग ते ठरवून हुतंय."

मी म्हटलं, आता अकरा केलेत.

"केलेत न्हवं, निघाले. तुम्ही दिलं न्हाईसा, हिशेबातनं आलं." मग त्यानं ताटली माझ्याकडे सरकवली. "खावा की. आई बघतीया."

मी भडंग खाल्लं. माफी मागायची म्हणून जे मनात जुळवून आणलं होतं ते इंग्रजीत जुळवलं होतं आणि तिथं काही बोलता येईना. मी एवढंच म्हणाले की रविवार शेवटचा आहे. तो म्हणाला, येईन. पण त्याची एक अट होती. तो वीर होऊन खेळणार नाही. खवीस तो चालवणार. आणि खवीस काय करेल ते आधी कोणाला सांगणार नाही.

मी घरी येऊन ही अट तुमच्या बाबांना सांगितली. ते इतके सुटल्यासारखे झाले की अटीचा अर्थ त्यांच्या लक्षातच आला नाही. ब्रह्मराक्षसाला चार तर चार, असं म्हणून त्यांनी नवी युक्ती काढली. त्याला बळ नाही तर नाही, बोलणं तरी द्यावं. आठवडाभर बसून त्यांनी त्याच्या तोंडी घालायला तीन पानांचं भाषण लिहिलं, जड जड शब्दांचं, शेवटी एक अवघड कोडं. मला शुद्धलेखन तपासायला दिलं. चांगलं होतं.

शेवटच्या रविवारी चौघंही जमले. बाइंडरनं आईकडून बिर्याणीचा डबा आणला होता. गोष्ट संपली की उघडायचा, असं ठरलं. आजोबासुद्धा झोप सोडून दारात खुर्ची टाकून बसले. तुमच्या बाबांनी पडदे ओढले, घसा साफ केला आणि गडाच्या शेवटच्या दरवाज्यापासून सुरुवात केली. वीर माथ्यावर पोचले. पिंपळ दिसला. पानं सळसळली. ब्रह्मराक्षस बोलू लागला.

पहिलं पान अर्धं झालं होतं तेव्हा बावड्याचा म्हणाला, "खवीस झाड उपटतो."

तुमचे बाबा थांबले. "अरे, त्याचा प्रश्न तर ऐक."

"ऐकतोय की. उपटता उपटता ऐकतोय."

"तो विद्वान आहे. तो तुला विचारतोय..."

"विचारू दे. झाड बी विचारीत येऊ दे."

नियमाप्रमाणे फासा टाकावा लागतो. बावड्याच्यानं टाकला. सतरा आले. तुमच्या आईनं बळाचे गुण मिळवले आणि फक्त मान हलवली. पिंपळ मुळासकट आला, त्याच्यावर बसलेल्यासकट, आणि खविसानं तो गडाच्या कड्यावरून खाली सोडून दिला. ब्रह्मराक्षस कड्यावरून पडताना पुढचं वाक्य म्हणत होता की नाही, हे नियमात कुठे लिहिलेलं नाही. सगळं मिळून पाव तासही लागला नसेल.

बाइंडर डब्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं? मी झाकण बी काढलं न्हाई अजून."

तुमचे बाबा उठले आणि स्वयंपाकघरात आले. पाणी प्यायले. मला वाटलं आता रडतील. सव्विसाव्या वर्षीही ते मला तसे दिसायचे. म्हणाले, "आई, अडीच पानं राहिली."

मी म्हटलं, फाइलला लावून ठेव.

त्यांनी पेला मोरीत ठेवला. मग बाहेर गेले. मी दारातून बघत होते. ते खुर्चीवर बसले, ती पानं उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल ठेवली आणि बावड्याच्याला विचारलं, "बरं, आता गड तुझा. गडावर काय करणार खवीस?"

बावड्याच्यानं याचा विचार केलेला नव्हता. तो जरा गोंधळला. मग म्हणाला, आधी विहीर बघतो, पाणी आहे का. इतकी वर्षं वर कोणी गेलं नाही तर टाक्यांत गाळ असणार. पाटबंधारे खातं त्याच्या अंगातून थोडंच जाणार! बाइंडर म्हणाला, गाळ काढायला माणसं लागतील. तुमची आई म्हणाली, माणसं कशाला, जिन्न आहे ना, बोलावून बघू. त्या दुपारी चौघांनी मिळून ज्या गडावर आठ वर्षं फक्त चढाई केली होती तिथं पाणी आणलं, वाट केली, आणि कोणीही कोणाला मारलं नाही. बिर्याणी पाच वाजता गरम करावी लागली. आजोबांनी आतून राक्षस मेला का असं विचारलं नाही. ते बाहेरच बसले होते आणि टाक्याचं माप किती धरायचं यावर बोलत होते.

त्या आठवड्यात तुमचे बाबा गेले. स्टेशनवर बावड्याच्यानं त्यांची मोठी बॅग डब्यात चढवली आणि दोघं काही बोलले. ते मी ऐकलं नाही.

मला वाटलं होतं की आता पुढची खोली रविवारी रिकामी राहील. पहिल्या रविवारी अडीच वाजता फाटक वाजलं. बावड्याचा होता, आता मोटारसायकलवर. वहीत अजून चाळीस पानं तपासायची राहिली आहेत असं त्यानंच मला सांगितलं, जसं काही ते मला माहीत नव्हतं. आम्ही समोरासमोर बसलो. प्रत्येक पानावर पातळीचा रकाना झाकायचा, बाकीचं मोठ्यानं वाचायचं आणि मग आकडा काढायचा, अशी पद्धत त्यानं घालून दिली. मुंज्यापाशी आल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. लग्नाआधी मेला एवढ्यासाठी सात पातळ्या? त्याच्या ऑफिसात असे बिनलग्नाचे चौघं आहेत, त्यांना शिपाईसुद्धा भीत नाही. मुंज्याचे तीन झाले. मावशी तोवर वारली होती. नाहीतर हे तिला कोण सांगणार, हा प्रश्नच होता.

त्याच्या आईनं पुढे एकदा निरोप पाठवला की भुतांचं काम आवरलं असेल तर तिच्या नातीचा पाचवीचा अभ्यास मी बघावा. मी बघितला. पण भुतांचं काम आवरलेलं नव्हतं, ते अजूनही नाही.

तेव्हा वही तुमच्या हाती आली की हे लक्षात ठेवा. तुमच्या आवृत्तीत पातळी कशी काढतात ते मला ठाऊक नाही, पण आमचा आकडा उतरवून घेऊ नका. रकाना झाकून वाचा. एका पानावर मात्र आकडा कोरा दिसेल, ते पान चकव्याचं. चकवा कोणाला मारत नाही, धरत नाही, फक्त ओळखीच्या वाटेवर माणसाला गोल गोल फिरवतो. बावड्याच्याचं म्हणणं, जो काही करतच नाही त्याला आकडा कशाला द्यायचा? मी म्हणते, तीस वर्षं मी कचेरीत काढली आहेत, त्याला अठराच्या खाली देणार नाही. या रविवारी बावड्याचा पुन्हा यायचा आहे.